आशिया खंड, सहकुटुंब सहपरिवार

क्रीडास्पर्धा एकट्याने पाहिली तर ती स्पर्धाच राहते. परंतु तीच सहकुटुंब सहपरिवार पाहावयास निघाले असता तिला लग्नकार्याचे, तीर्थयात्रेचे आणि थोडेसे सरकारी तपासणीचेही स्वरूप प्राप्त होऊन, मैदानावर पहिला कोण आला यापेक्षा पाण्याची सुरई शेवटी कोणाच्या हाती दिली होती, हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा ठरतो, असा माझा फार जुना ग्रह आहे. हा ग्रह १९५१ सालच्या मार्च महिन्यात, नव्या दिल्लीत, पहिल्या आशियाई क्रीडासामन्यांच्या प्रसंगी माझ्या ठायी उत्पन्न झाला. वडीलधारी माणसे जेथे जातात तेथे आपापली कचेरी, आपापले स्वयंपाकघर आणि आपापले देवघर बरोबर घेऊन जातात, आणि समोर अकरा देशांचे वीर धावत असले तरी पाहतात ते आपलेच दप्तर; बरोबर नेण्यासारखे असे काहीच ज्याच्यापाशी नसते त्या नऊ वर्षांच्या मुलाला मात्र मैदान आणि वडीलधारी माणसे अशी दोन्ही प्रेक्षणीय स्थळे एकाच तिकिटात पाहावयास मिळतात.

आमचे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, ते मध्यवर्ती सरकारच्या हिशेबतपासणीच्या खात्यात होते आणि गोल मार्केटजवळच्या सरकारी चाळवजा घरांत आमचे बिऱ्हाड होते. हे सामने मुळात १९५० साली व्हावयाचे होते. त्या बेताने नानांनी एका पाकिटात तिकिटांची रक्कम मुक्रर करून त्यावर ‘आशिया’ असे लिहून ठेवलेही होते. पुढे तयारी अपुरी पडल्यामुळे सामने वर्षभर लांबणीवर पडले आणि मधल्या काळात त्या पाकिटातून प्रथम माझी शाळेची फी, मग कोळशाचे पोते आणि अखेर आजीचा चष्मा असे खर्च निघून आशिया खंड पूर्णपणे रिकामे झाले. नानांनी ते पुन्हा भरले, पण खंडाने दिलेली मुदत पाळली नाही याबद्दलची अढी त्यांच्या मनात राहिली ती राहिलीच.

त्यातच स्वतंत्र हिंदुस्थानची पहिली खानेसुमारी त्याच फेब्रुवारीत होऊन मार्चच्या आरंभी आटोपली होती, आणि मोजणीच्या त्या कामावर नाना नेमले गेले होते. मोजण्याची सवय एकदा हाताला लागली म्हणजे ती सरकारी हुकमाने सुरू होते, परंतु सरकारी हुकमाने थांबत नाही. खानेसुमारी संपली तरी नाना घरातील माणसे मोजीत होते: टांग्यात बसण्यापूर्वी एकदा, उतरल्यावर एकदा, दरवाजाशी तिकिटे फाडताना एकदा, आणि जागेवर बसल्यानंतर साधारण अर्ध्या अर्ध्या तासाने. नाना, आई, आजी, धाकटी बहीण, मी आणि मामा अशी आमची एकूण लोकसंख्या सहा होती.

पैकी मामा हे परगावचे. मामा कराडचे, मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आणि कुस्तीचे निःसीम शौकीन. पंचक्रोशीतील जत्रेचा एकही फड त्यांनी जन्मात चुकविला नव्हता. गोळेश्वरचा खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावा आला तेव्हापासून तर मामांचा आंतरराष्ट्रीय क्रीडाक्षेत्राशी घरोबाच जडला होता; गोळेश्वर कराडपासून हाकेच्या अंतरावर, सबब खाशाबा घरचाच, आणि आयुष्यभर तांबड्या मातीत लढलेल्या घरच्या मुलाला परक्या मुलखात गादीवर लढावयास लावले हा त्याच्यावर झालेला उघड अन्याय, अशी त्यांची कैफियत होती. आशियाचे सामने दिल्लीत भरणार हे वर्तमानपत्रात वाचताच त्यांनी आम्हांला येण्याची तारीख कळविली आणि कल्याणला पंजाब मेल पकडून, दोन रात्रींच्या प्रवासाने लाल झालेल्या डोळ्यांनी, खारकांची पिशवी घेऊन ते आमच्या दारात उभे राहिले.

चहा झाल्यावर त्यांनी सामन्यांचे छापील वेळापत्रक मागितले. चष्मा लावून ते त्यांनी प्रथम सुलटे वाचले, मग शेवटाकडून सुरुवातीकडे वाचले, मग उजेडासमोर धरले.

“नानासाहेब, हा कागद अपुरा दिसतो. मधले एखादे पान गळाले असावे.”

“नाही दादासाहेब, पाने पूर्ण आहेत.”

“मग कुस्त्या कुठे आहेत?”

“कुस्त्या नाहीत.”

धावणे, पोहणे, सायकली, बास्केटबॉल, फुटबॉल आणि वजन उचलणे यांपलीकडे त्या पहिल्या सामन्यांत काही नव्हते ही वस्तुस्थिती होती. कुस्ती नव्हती, हुतूतू नव्हता. इतकेच नव्हे, तर तीनच वर्षांपूर्वी लंडनला ज्या हॉकीत आपण ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविले होते ती हॉकीदेखील नव्हती. हॉकीच्या अभावाचे नानांनी, आपल्या घरच्या मांडवात आपणच आहेर करून आपणच घेणे शोभत नाही, असे एक समर्थन केले. परंतु कुस्तीच्या बाबतीत त्यांना काही सुचले नाही, आणि मामांनी तर दौत-टाक मागवून लगेच अर्ज लिहावयास घेतला. तो अर्ज मला जवळजवळ पाठ झाला होता, कारण मोडी वळणाच्या त्यांच्या अक्षराची स्वच्छ नक्कल करण्याचे काम माझ्याकडे आले होते. “मेहेरबान अधिकारी साहेब यांचे सेवेसी, विनंती अर्ज ऐसाजे,” अशी सुरुवात करून मामांनी त्यात म्हटले होते की, आशिया खंडी मल्लविद्या पुरातन काळापासून प्रचलित असता सदर विद्येस वगळण्याचे कारण कागदपत्रांवरून उघड होत नाही. तरी कार्यक्रमात पालट करणे गैरसोयीचे असल्यास निदान दोन प्रहरच्या सुट्टीत फड लावण्यास परवानगी असावी. आखाड्यास लागणारी माती कराडहून मागविण्याची जबाबदारी अर्जदार स्वखर्चाने घेतो. शेवटी ‘कळावे’ लिहून त्यांनी अर्जाची एक प्रत टपालात टाकली, एक स्वतःजवळ ठेवली, आणि उत्तर आठ दिवसांत येईल, कारण सामने आठच दिवसांचे आहेत, असे आम्हांला सांगितले.

४ मार्चला, रविवारी, सामन्यांचे उद्घाटन होते. भावनगरच्या महाराजांनी दिलेल्या देणगीतून इंग्रजी अमदानीत बांधलेल्या आणि एका व्हाइसरॉयचे नाव मिरविणाऱ्या प्रेक्षागाराचे नामकरण आता नॅशनल स्टेडियम असे झाले होते, आणि तेथे जावयाचे म्हणजे इंडिया गेटला वळसा घालावा लागे. इंडिया गेटजवळच्या दगडी छत्रीखाली पंचम जॉर्ज त्या काळी अजून उभे होते. छत्री आणि तिच्याखाली मूर्ती दिसताच आजीने टांग्यातूनच हात जोडावयास आरंभ केला. तेव्हा नानांनी, प्रजासत्ताकाला तेरा महिने होऊन गेल्यावर हा नमस्कार नियमबाह्य आहे, असे तिच्या नजरेस आणून दिले. आजीने हात मागे घेतले नाहीत. कोणत्या तरी देवाला पोचेल, असे म्हणून तिने ते तसेच पुरे केले.

आत शिरून आमची गणती यथासांग झाल्यावर संचलन सुरू झाले. अफगाणिस्तान, ब्रह्मदेश, सिलोन, इंडोनेशिया, इराण, जपान, नेपाळ, फिलिपाइन्स, सिंगापूर, थायलंड आणि आपण अशा अकरा देशांचे ४८९ खेळाडू या सामन्यांसाठी नोंदलेले होते. हा आकडा नानांनी मोठ्या अभिमानाने वाचून दाखविला. पण ज्या आईला शिधापत्रिकेवरच्या धान्यात महिना रेटावा लागे तिच्या मनात त्या आकड्याने अभिमानाऐवजी धसका उत्पन्न केला. संचलन संपेतो ती बोटांवर काही हिशेब करीत होती, आणि वजन उचलणारे दणकट गडी समोरून जाऊ लागले तेव्हा तिने अत्यंत कळवळ्याने, “अहो, यांच्या कार्डावर कोणी शेरा मारून दिला असेल हो?” असे नानांना विचारले. जपानचे पथक येताच टाळ्या क्षणभर बिचकल्या आणि मग दुप्पट झाल्या. महायुद्धानंतर १९४८ च्या लंडनच्या ऑलिंपिकला जपानला बोलावणे नव्हते; दिल्लीने त्याला पाट मांडला होता, आणि पाहुण्याने पुढल्या आठ दिवसांत पंगतीतील सर्वांत जास्त लाडू स्वतःच्याच पानात वाढून घेतले तरी यजमानाने ते हसतमुखाने पाहिले, हे सांगितले पाहिजे.

राष्ट्रपती राजेंद्रबाबूंनी सामने सुरू झाल्याचे जाहीर केले. मग मशाल आली. ती लाल किल्ल्यावर सूर्यकिरणांपासून चेतविलेली होती आणि १९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या ब्रिगेडियर दलीपसिंगांच्या हस्ते मैदानातील ज्योत पेटावयाची होती. हे नानांनी समजावून देताच इतका वेळ मंदिलासारखा पदर बांधून उन्हाशी झगडणारी आजी एकदम सावरून बसली. सामन्यांतील तिला पटलेली ही पहिली गोष्ट. सूर्यापासून घेतलेला अग्नी शुद्ध, यात तिला शंका नव्हती. तिच्या शंका त्यापुढील होत्या. या अग्नीला आठ दिवस समिधा कोण घालणार, रात्री त्याच्याजवळ निजणार कोण, मध्येच विझला तर प्रायश्चित्त जपानने घ्यावयाचे की यजमान म्हणून आपण, आणि ज्याने तो आणला तो सपत्नीक आहे काय, हे प्रश्न तिने एकामागून एक विचारले. हिशेबतपासणीत हयात घालविलेल्या नानांना इतकी कसून तपासणी पूर्वी कोणी केल्याचे आठवत नव्हते. पुढे ज्या ज्या दिवशी आम्ही मैदानावर गेलो त्या दिवशी आजी आत शिरल्याबरोबर प्रथम ज्योतीकडे पाही आणि ती जागेवर असल्याची खातरजमा झाल्यावरच खाली बसे. त्यानंतर कोण धावते आणि कोण पडते याकडे ती उदार दुर्लक्ष करी. अपवाद एकच. मुंबईची रोशन मिस्त्री शंभर मीटर्समध्ये दुसरी आली तेव्हा, मुलीच्या तोकड्या चड्डीवर आजी आता काय बोलते म्हणून आम्ही सर्व श्वास रोखून होतो, पण आजी म्हणाली, “धावू दे गं बाई. आमच्या वेळी धावायला पाठीशी कोणीतरी लागायचं.”

पुरुषांच्या शंभर मीटर्सने मात्र मामांचे पित्त खवळले. मुंबईच्याच लेव्ही पिंटोने ती शर्यत १०.८ सेकंदांत जिंकली, पुढे दोनशे मीटर्सही जिंकली, आणि भोवतालची दुनिया टोप्या उडवीत असता मामा एखादा दस्तऐवज अपुऱ्या मुद्रांकावर झाल्याचे आढळावे तशा चेहऱ्याने बसून राहिले. दोन रात्री गाडीत अवघडून यावे, तीन तास उन्हात बसावे, आणि खेळ म्हणून जे दाखवावयाचे ते खारकेची बी थुंकण्याच्या आत संपवून टाकावे, हा व्यवहार त्यांना फसवणुकीचा वाटत होता. बरोबरीची जोड असली म्हणजे कुस्ती तास तास चालते, प्रसंगी सूर्य मावळतो, पंच थकतात, आणि तरी निकाल लागत नाही; त्याला खेळ म्हणतात. नाना म्हणाले की काम त्वरेने निकालात काढणे हा गुण आहे. मामा म्हणाले की चाळीस वर्षांच्या नोकरीत हा गुण आपल्या पाहण्यात आलेला नाही.

त्यांचे समाधान झाले ते चालण्याच्या शर्यतींनी. दहा किलोमीटर्स चालण्यात महाबीर प्रसाद आणि पन्नास किलोमीटर्समध्ये बख्तावरसिंग असे दोन्ही आपलेच गडी पहिले आले होते, आणि पन्नास किलोमीटर्स म्हणजे सुमारे एकतीस मैल, हे नानांनी सांगितल्यावर मामा बराच वेळ स्तब्ध राहिले. एकतीस मैल म्हणजे ढोबळ मानाने कराड ते सातारा. ऐन पावसाळ्यात मोटारी बंद पडल्या असता जमाबंदीचे दप्तर पाठीवर घेऊन आपण ते अंतर चालत जाऊन जिल्हा कचेरीत रुजू झालो होतो, त्या प्रसंगी पदक तर राहोच, भत्त्याचा अर्जसुद्धा ‘प्रवास अनावश्यक’ असा शेरा मारून परत आला होता, ही हकीगत त्यांनी प्रथम आम्हांला, नंतर मागच्या रांगेला, आणि अखेर एका पोलीस शिपायाला सांगितली. चालणाऱ्याचा एक पाय सदैव जमिनीला टेकलेला असला पाहिजे आणि कोणी चुकून धावलाच तर त्याला बाद करण्यासाठी वाटेवर पंच ठेवलेले असतात, हा नियम समजल्यावर तर या खेळाची मूळ कल्पना कोणत्या तरी सरकारी कचेरीतूनच निघाली असली पाहिजे, असे त्यांचे ठाम मत झाले.

पोहण्याच्या तलावाकडे आमचे कुटुंब नैतिक कारणास्तव फिरकले नाही. आपले पहिले सुवर्णपदक सचिन नागने शंभर मीटर्स पोहून मिळविले ते, आणि मुंबईच्या के. पी. ठक्करांनी सूर मारण्याच्या दोन्ही स्पर्धा जिंकल्या त्या, आम्हांला वर्तमानपत्रातूनच कळल्या.

वजने उचलण्याचा कार्यक्रम मामांनी हट्टाने पाहिला, कारण मल्लविद्येशी त्यातल्या त्यात नाते सांगणारे एवढेच काय ते होते. तेथे इराणी गड्यांचे राज्य होते. त्यांचा महमूद नामजू तर आधीच जगज्जेता होता. आकाराने बेताचा, परंतु हातात लोखंड आले की लोखंडालाच संकोच वाटावा असा. मामांचे लक्ष लोखंडाकडे नव्हते. ते कान पाहत होते. कुस्तीगिराचा कान मोडलेला असतो, आणि तसा कान त्यांना त्या इराणी घोळक्यात, स्पर्धेत नसलेल्या, सामान वाहणाऱ्या एका आडव्या बांध्याच्या गृहस्थाच्या डोक्याला दिसला. कार्यक्रम संपताच मामा गर्दी कापीत त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, धोतराचा सोगा खोचला, आणि वयाच्या साठीच्या घरात, आई “अहो दादा, अहो दादा” म्हणून ओरडत असता, त्यांनी कडकडून शड्डू ठोकला. क्षणभर माझ्या पोटात गोळा आला. त्या गृहस्थाने मामांकडे पाहिले, मामांच्या कानांकडे पाहिले, हातातील पेटी खाली ठेवली आणि उलट असा शड्डू ठोकला की आसपासचे दोन फिरते विक्रेते बाजूला सरले. मग उभयतांनी एकमेकांचे दंड चाचपले, मनगटे तोलली, मामांनी त्याला मूठभर खारका दिल्या, आणि एकही शब्द समान नसताना त्यांचे संभाषण सुमारे पाव तास चालले. सामन्यांवरचा मामांचा राग त्या दिवशी निम्म्याने उतरला. उरलेला निम्मा त्यांनी अर्जाच्या उत्तरासाठी राखून ठेवला.

१० मार्चला फुटबॉलचा अंतिम सामना होता आणि प्रतिपक्ष नेमका इराणचाच असल्यामुळे मामांची अवस्था धर्मसंकटाची झाली होती. आपला संघ अनवाणी खेळत होता. कप्तान शैलेन मन्ना, शिक्षक हैदराबादचे रहीमसाहेब. त्या दिवशीची गर्दी अशी की टाचा उंचावून पाहण्यास टाचांनाही जागा नव्हती. माझ्या पुढे आडवे उभे राहिलेले एक सरदारजी फाळणीत लायलपूर सोडून आलेले होते. पाकिस्तानचा संघ या सामन्यांना नव्हता, आणि असता तर त्या बाजूला आपली निम्मी गल्ली बसली असती, असे ते नानांना सांगत होते. ते असे सहज बोलले की नानांना उत्तर सुचले नाही आणि त्यांनी उगाच घड्याळ पाहिले. तेवढ्यात सरदारजींचे लक्ष खाली माझ्याकडे गेले, आणि त्यांनी कोणाची परवानगी न घेता मला उचलून खांद्यावर बसविले.

जन्मात प्रथमच मला एखाद्या गोष्टीचे संपूर्ण दर्शन घडत होते. दुर्दैवाने नानांची अर्ध्या तासाची गणती त्याच मिनिटाला आली. नाना खांद्यांच्या खालच्या पातळीवर मोजीत असत, कारण आमचे कुटुंब तेथेच सापडावयाचे. आणि त्या पातळीवर गणती पाच भरली. “एक कमी!” अशी त्यांची हाक मला वरून स्पष्ट ऐकू आली. आईने बाकाखाली पाहिले, मामांनी मागची रांग उठविली, आजीने ज्योतीकडे पाहून हात जोडले, बहिणीने कोणी सांगितले नसताना रडावयास सुरुवात केली; मी वरून “मी इथे आहे, मी इथे आहे” म्हणत होतो, पण हरवलेल्या मुलाला शोधताना वर पाहण्याची वहिवाट नसल्यामुळे माझी दरखास्त कोणाच्याही कानी पडत नव्हती. आणि अशा प्रकारे आमचे सबंध कुटुंब दिल्लीच्या जमिनीकडे पाहत असता मेवालालने त्या सामन्यातील एकमेव गोल केला. सारे स्टेडियम उसळले. सरदारजी उसळले, सबब मीही उसळलो, आणि खाली येताना नानांच्या टोपीवर माझा पाय लागून मी सापडलो.

हिंदुस्थानने सामना एक विरुद्ध शून्य असा जिंकला. घरी आल्यावर नानांनी वहीत निकाल टिपला, परंतु स्वतः न पाहिलेल्या बाबीवर स्वतःच्या सहीने दाखला देणे त्यांच्या स्वभावात नसल्यामुळे, त्यांनी माझी रीतसर उलटतपासणी घेतली आणि समासात ‘प्रत्यक्षदर्शी साक्षीदार एक, अज्ञान, वय वर्षे ९’ असा शेरा मारूनच तो गोल मान्य केला. ११ तारखेला सामने संपले तेव्हा त्या वहीत सुवर्णपदकांची बेरीज होती: जपान २४, हिंदुस्थान १५, इराण ८, सिंगापूर ५, फिलिपाइन्स ५. शर्यतींच्या निरनिराळ्या पानांवरून सुवर्णपदके वेगळी मोजली असता एकूण ५७ भरत होती आणि देशवार बेरीजही ५७च येत होती. ही रुजवात पटल्यावर नानांच्या मुद्रेवर जो आनंद प्रकट झाला तसा मी पिंटोच्या विजयानेही झालेला पाहिला नव्हता. आशिया खंडावर आता त्यांचा कोणताही आक्षेप उरला नाही.

मामांच्या अर्जाचे उत्तर आले नाही. ते कराडला परत गेले आणि तेथून दर दोन महिन्यांनी एक कार्ड पाठवून ‘अर्जाचा तपास लागल्यास कळवावे’ असे लिहीत राहिले. १९५२ साली खाशाबा हेलसिंकीहून ब्राँझपदक घेऊन आला आणि कराडहून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. तीतील एका गाडीत बसून लिहिलेल्या, आणि बैलाच्या प्रत्येक पावलाची नोंद अक्षरांत उमटलेल्या कार्डावर मामांनी, ‘सदर पदक मूळ अर्जास पुरावा म्हणून जोडावे’ अशी सूचना नानांना केली होती. पुढे १९५४ साली दुसरे सामने मनिला येथे भरले आणि त्यांच्या कार्यक्रमात कुस्ती दाखल झाली. ही बातमी वाचून, सरकारी रिवाजाप्रमाणे तीन वर्षांनी आपला अर्ज मंजूर झाला, याविषयी मामांची खात्री पटली. त्यांचे पत्र उलट टपाली आले. मंजुरीबद्दल संबंधितांचे आभार मानून त्यांनी फक्त दोनच बाबी उपस्थित केल्या होत्या. एक, माती पुरविण्याची हमी दिल्लीपुरती होती, ती मनिलास लागू समजू नये. दोन, कल्याणहून मनिलाचे थर्ड क्लासचे भाडे काय पडते आणि गाडी कोठे बदलावी लागते, याची चौकशी नानासाहेबांनी करून ठेवावी.